कुपीवरचा टिकलीएवढा चौकोन: व्हीव्हीएम वापरून झाल्यावरचा अभिप्राय

ज्या वस्तूबद्दल हे लिहितेय ती दुकानात मिळत नाही. सुटी विकतही घेता येत नाही. लसीच्या कुपीला कारखान्यातूनच चिकटून येते आणि कुपीबरोबरच कचऱ्यात जाते. तरी अभिप्राय लिहावासा वाटला, कारण लसीकरणाच्या कामात माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या नव्या गोष्टींमध्ये इतकी वर्षं टिकून राहिलेली दुसरी वस्तू मला चटकन आठवत नाही.

नाव व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर. कामावर पूर्ण नाव कुणी घेत नाही, सगळे व्हीव्हीएमच म्हणतात. कुपीच्या लेबलवर किंवा झाकणावर एक जांभळट गोल असतो आणि त्याच्या पोटात एक फिकट चौकोन. कुपीला उष्णता लागत जाते तसा चौकोन गडद होत जातो. गोलाचा रंग बदलत नाही, तो ताडून पाहण्यापुरता. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर लस द्यायची. गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला की कुपी बाजूला काढायची. वापरायची माहितीपुस्तिका म्हणाल तर एवढीच.

मी आधी सत्रांवर सुई धरली, मग लसभांडार सांभाळलं, शेवटची वर्षं पर्यवेक्षणात गेली. आता निवृत्त आहे, त्यामुळे कुणाची मर्जी राखायची नाही. सार्वजनिक आरोग्यात नवीन काही आणणं मला कधीच अवघड वाटलं नाही. प्रकल्प येतो, प्रशिक्षण होतं, चहा होतो, फोटो निघतो. ज्या साहेबांनी हौसेनं ते आणलं त्यांची बदली झाल्यावर काय उरतं, ते बघायला मात्र कुणी येत नाही. भांडारातल्या मागच्या खोलीत जे साठतं ते उरतं. व्हीव्हीएम त्या खोलीत कधी गेला नाही. त्याचं कारण मला कुठल्या अहवालातून नाही, वापरून कळलं.

आधी काय होतं ते नव्या मुलींना खरं वाटत नाही. लस दोन ते आठ अंशांत ठेवायची, हा नियम तेव्हाही होता. पण कुपीकडे बघून काही समजायचं नाही. नासलेलं दूध नाकाला कळतं, उष्णतेनं निकामी झालेली पोलिओची लस दिसते तशीच दिसते, गुलाबीसर आणि निष्पाप. रात्री वीज गेली होती, किती वेळ गेली होती, फ्रिज किती तापला, कुणाला ठाऊक? मग दोनच रस्ते. एक, शंका आली म्हणून सगळा साठा टाकून द्यायचा. दोन, शंका आलीच नाही असं समजून देत राहायचं. दोन्ही होत होतं. सत्र संपलं की उघडलेली कुपी, तिच्यात निम्मी लस असली तरी, डोळे मिटून टाकायची असाच शिरस्ता होता.

कल्पना तशी जुनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या पाथ या संस्थेनं १९८० च्या सुमारास उष्णता दाखवणाऱ्या खुणेवर काम सुरू केलं. तेव्हा डोळ्यांसमोर गोवराची लस होती. प्रत्यक्षात पहिला व्हीव्हीएम कुपीवर आला तो १९९६ मध्ये, आणि तोही तोंडावाटे देण्याच्या पोलिओच्या लसीवर, कारण उष्णतेपुढे सगळ्यांत आधी हार मानणारी तीच. म्हणजे कल्पना सुचल्यापासून सिस्टरच्या हातात येईपर्यंत दीड दशक गेलं. आता कुणी सहा महिन्यांचा पायलट करून ‘क्रांती’ म्हणालं की मला हे दीड दशक आठवतं.

आतलं शास्त्र रसायनाचं आहे, बॅटरीचं नाही. चौकोनात डायअसेटिलीन जातीचं रसायन असतं. उष्णतेनं त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि रंग गडद होतो. जास्त तापमानात हे झपाट्यानं होतं, थंडीत सावकाश, आणि एकदा झालं की मागे फिरत नाही. म्हणूनच तापलेली कुपी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून चौकोन फिका करता येत नाही. (करून बघणारे भेटले आहेत.)

प्रत्येक लस सारखी हळवी नसते, म्हणून स्टिकरही एकच नाही. व्हीव्हीएम २, ७, १४ आणि ३० असे मुख्य प्रकार आहेत, आणि तो आकडा म्हणजे सतत ३७ अंश तापमानात चौकोन किती दिवसांत शेवटाला पोचतो ते दिवस. पोलिओच्या तोंडी लसीला २ लागतो, हिपॅटायटिस बीसारख्या दणकट लसीला ३० चालतो. तोच व्हीव्हीएम २ पाच अंशांत ठेवला तर सुमारे २२५ दिवस काढतो, आणि व्हीव्हीएम ३० पंचवीस अंशांत १९३ दिवस. हे आकडे मी मुद्दाम देते आहे, कारण शीतसाखळी, म्हणजे कारखान्यापासून सत्रापर्यंत लस थंड ठेवण्याची व्यवस्था, तुटली की लस तिथल्या तिथे मेली, ही समजूत खुद्द आमच्यातच फार पक्की होती. हिपॅटायटिस बीची कुपी दुपारभर टेबलावर राहिली म्हणून रडवेली झालेली सिस्टर मी पाहिली आहे. चौकोन बघितला, हललासुद्धा नव्हता.

सत्रावर हे कसं दिसतं ते सांगते. कॅरियरचं, म्हणजे लस नेायच्या थंड पेटीचं, झाकण उघडलं, कुपी काढली, पुसली, आणि सुई हातात घ्यायच्या आधी उजेडाकडे धरली. एक क्षण. वेगळा कागद भरायचा नाही, बटण दाबायचं नाही, पासवर्ड नाही, नेटवर्क नाही. लस घ्यायच्या आधी कुपीवरचं नाव आणि मुदत वाचावीच लागते. व्हीव्हीएम त्याच लेबलवर असल्यामुळे नजर आपोआप तिथे जाते. नव्या वस्तूनं कामात वेगळी पायरी वाढवली की ती पायरी पहिल्या गर्दीच्या दिवशी गळते. इथे गळायला पायरीच नव्हती.

आयांनाही ते पटकन समजतं. एकदा एका आजींनी सुनेच्या आधी विचारलं, “सिस्टर, ते आतलं खोकं पांढरं आहे ना? मागल्या खेपेला तुम्हीच दाखवलं होतं.” सिस्टरनं कुपी त्यांच्यापुढे धरली. “बघा आजी, बाहेरच्यापेक्षा फिकं आहे की नाही?” “आहे बाई, द्या आता.” अक्षरओळख नसलेल्या आजींनी लसीची गुणवत्ता तपासली, ते मी बाजूला उभी राहून पाहिलं. असा तपास इतर कुठल्या औषधाबाबत शक्य आहे, सांगा.

आता लसभांडाराच्या बाजूनं. व्हीव्हीएमनं आमचा साठा लावण्याचा नियम बदलला. ज्याची मुदत आधी संपते ते आधी काढायचं, हा जुना धडा. पण एखाद्या खोक्यातल्या कुप्यांचे चौकोन जास्त गडद झालेले असतील, अजून वापरण्याजोगे पण गडदपणाकडे निघालेले, तर त्यांची मुदत पुढची असली तरी त्या आधी पाठवायच्या. आणि चौकोन कितीही फिका असो, मुदत संपली असेल तर कुपी बाद. या दोन गोष्टी नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगितल्या की बस. तेवढ्यासाठी पंचतारांकित प्रशिक्षण लागत नाही, म्हणूनच बदल्यांचा हंगाम आला तरी व्हीव्हीएमचं काही बिघडलं नाही.

तापमानाच्या रजिस्टरबद्दल थोडं वाईट बोलते. सकाळी चार अंश, संध्याकाळी चार अंश, महिनाभर चार अंश, एकाच पेनानं, एकाच बैठकीत. ज्यांनी पर्यवेक्षण केलंय त्यांना हे पान डोळ्यांसमोर दिसेल. चौकोन रजिस्टर वाचत नाही. वीज गेल्याचं लपवलं, फ्रिजचं दार उघडं राहिल्याचं लपवलं, तरी कुपी सांगते. फक्त कुठे तापली ते सांगत नाही. कारखान्यापासून आपल्या टेबलापर्यंतची सगळी उष्णता ती एकत्र जमा करते. त्यामुळे गडद कुप्या निघाल्या की वरचं भांडार खालच्याकडे बोट दाखवतं आणि खालचं वरच्याकडे. माल उतरवून घेताना चौकोनाची अवस्था पावतीवर लिहून घ्यायची सवय मी त्यासाठीच लावली. भांडणं निम्मी झाली.

व्हीव्हीएममुळे उघडलेल्या कुपीचं नशीबही बदललं. जागतिक आरोग्य संघटनेच्या बहुडोस कुपीच्या धोरणात काही द्रवरूप लसींची उघडलेली कुपी २८ दिवसांपर्यंत पुढच्या सत्रांना वापरता येते. अटी आहेत: मुदत शिल्लक हवी, कुपी नीट थंड ठेवलेली हवी, ती पाण्यात बुडलेली नको, आणि चौकोन वापरण्याजोगा हवा. बीसीजी किंवा गोवर-रुबेलासारख्या, पावडरमध्ये द्रावक मिसळून करायच्या लसींना ही सवलत नाही. त्यांचा व्हीव्हीएम झाकणावर किंवा मानेवरच असतो, कुपी उघडली की तोही जातो. स्टिकर कुठे चिकटवलाय त्यावरूनच उघडलेल्या कुपीचं काय करायचं ते समजावं, ही योजना ज्यानं केली त्याला माझा नमस्कार.

आणि हे सगळं टिकलं कशामुळे? लोक म्हणतील वस्तू चांगली होती. चांगल्या वस्तू खूप येतात. खरी गोष्ट खरेदीच्या कागदात आहे. युनिसेफनं पोलिओच्या लसीच्या खरेदीतच व्हीव्हीएमची अट घातली. १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदन काढून इतर लसींवरही तो असावा असं सांगितलं आणि २००७ मध्ये पुन्हा तेच बजावलं. स्टिकरचा खर्च लसीच्या किमतीत मिसळून गेला. गावपातळीवरच्या कुणालाही त्यासाठी वेगळा निधी मागावा लागला नाही, दुरुस्तीचा करार करावा लागला नाही, सुट्या भागांची वाट बघावी लागली नाही. दर खेपेला नवी कुपी, नवा स्टिकर.

हे समजायला उलट बाजूचं एक उदाहरण देते, कंपनीचं नाव न घेता. एका प्रकल्पात भांडारातल्या प्रत्येक फ्रिजला तापमान मोजून मोबाइलवर संदेश पाठवणारं यंत्र बसलं. यंत्र उत्तम होतं, खोटं बोलणार नाही. पहिल्या वर्षी मध्यरात्री संदेश यायचा आणि आम्ही जाऊन जनरेटर लावायचो. मग प्रकल्पाची मुदत संपली. यंत्रातल्या सिमचं रिचार्ज कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचं, यावर पत्रव्यवहार सुरू झाला. तो चालू असतानाच सिम बंद पडलं. यंत्र बंद पडलं नाही. ते मोजत राहिलं, हिरवा दिवा लुकलुकत राहिला, संदेश मात्र कुठेच जाईना. आलेला पाहुणा दिवा बघून खूश व्हायचा. पुढे त्याची बॅटरी गेली, तेव्हा निर्लेखन करावं, म्हणजे नोंदीतून काढून टाकावं, म्हटलं तर ते साठा नोंदवहीत चढलेलंच नव्हतं. मग ते भिंतीवर राहिलं.

सौरऊर्जेच्या फ्रिजचीही गोष्ट याच जातीची, फक्त शेवट चांगला. आधीच्या सौर फ्रिजना बॅटऱ्या लागायच्या. काही वर्षांत बॅटऱ्या दम तोडायच्या, बदलायला पैसे आणि माणूस दोन्ही नसायचे, आणि छतावर चकाकणाऱ्या पॅनेलखाली फ्रिज कपाट म्हणून वापरला जायचा. मग बॅटरीच काढून टाकलेले फ्रिज आले. दिवसा उन्हावर आत बर्फ गोठतो आणि रात्र त्या बर्फावर निघते. जो भाग बदलायला कुणी येणार नाही तो भागच ठेवायचा नाही, हे शहाणपण त्या अभियंत्यांना उशिरा का होईना सुचलं. पॅनेल पुसायला मात्र अजूनही माणूस लागतो.

व्हीव्हीएमनं काही धाडसं शक्य केली, ती थोडक्यात. इंडोनेशियात घरी जन्मलेल्या बाळांना हिपॅटायटिस बीचा पहिला डोस वेळेत मिळावा म्हणून गावातल्या प्रसाविका आधीच भरलेली इंजेक्शनं फ्रिजशिवाय स्वतःजवळ ठेवत. मालीमध्ये २००९ च्या पोलिओ मोहिमेत बर्फाशिवाय कुप्या नेऊन पाहिल्या, भरवसा चौकोनावर. २०१२ मध्ये बेनिनमध्ये मेनिंजायटिसची लस ४० अंशांपर्यंत कमाल चार दिवस शीतसाखळीबाहेर ठेवायची मुभा देऊन मोहीम झाली. तिथे नुसता व्हीव्हीएम पुरला नाही. तो साचलेली उष्णता दाखवतो, ४० चा आकडा ओलांडला का ते नाही. म्हणून ४० अंशांना रंग बदलणारी वेगळी खूणही बरोबर ठेवली होती. बर्फ वाहून ज्यांचे खांदे गेले आहेत त्यांनाच या मोहिमांची किंमत कळेल.

तक्रारी आहेत. सीमारेषेवरचा चौकोन वाचणं अवघड जातं. पिवळ्या बल्बखाली तोच चौकोन एकीला फिका वाटतो, दुसरीला जुळलेला. आम्ही नियम केला होता की दोघींचं मत वेगळं पडलं तर कुपी बाजूला. चार अवस्थांचं चित्र दाखवणारा तक्ता फ्रिजवर लावायचा असतो. तो कुणीतरी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर काढून पाठवतं आणि त्यात चारही चौकोन सारखेच करडे दिसतात. असला तक्ता नसलेला बरा. लेबल भिजून निघालं तर स्टिकर गेला आणि कुपीही गेली. कॅरियरमध्ये कुप्या झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, हे सांगून माझा घसा बसला. शिवाय बराच काळ हा स्टिकर जगात एकच कंपनी बनवत होती. इतक्या महत्त्वाच्या वस्तूचा एकच दरवाजा असणं मला कधी रुचलं नाही.

पण मोठी तक्रार गोठण्याची आहे. व्हीव्हीएम उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. धनुर्वात, पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), हिपॅटायटिस बी अशा अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असलेल्या लसी गोठल्या की वाया जातात, आणि त्यांच्यावरचा चौकोन तेव्हा अगदी झकास, फिका आणि निरोगी दिसतो. चौकोनावर डोळे मिटून विश्वास बसला की हाच धोका वाढतो. सगळ्यांना उष्णतेची भीती. म्हणून घाईत डीप फ्रीझरमधून काढलेले दगडासारखे आईस पॅक थेट कॅरियरमध्ये जातात आणि चिकटून ठेवलेल्या कुप्या गोठतात. आईस पॅकला घाम सुटेपर्यंत, हलवून आत पाणी डुचमळल्याचा आवाज येईपर्यंत तो बाहेर ठेवायचा असतो. सकाळी आठला निघायचं असलेल्या सिस्टरला तेवढी उसंत कुठली? आता असे कॅरियर आले आहेत ज्यांत आईस पॅक थेट ठेवले तरी लस गोठत नाही, भिंतीच तशा केलेल्या असतात. जड आहेत, लसही कमी मावते. तरी उचलायला जड पडलं तर चालेल, माझं मत त्यांच्या बाजूनं.

शंका आली तर शेक टेस्ट आहे. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम रात्रभर गोठवायची, वितळू द्यायची, मग ती आणि संशयित कुपी एका हातात धरून जोरात हलवायची आणि शेजारी शेजारी ठेवायची. गोठवलेलीत कण दिसतात, गाळ भराभर तळाला बसतो, वर नितळ पाणी राहतं. संशयित कुपीतला गाळ तितक्याच वेगानं बसला तर तीही गेली. दुधाळ राहिली, सावकाश बसली, तर वाचली. परीक्षा भरवशाची आहे, मी शिकवलीही पुष्कळ. पण तिला रात्र लागते, एक कुपी बळी द्यावी लागते आणि डोळा तयार लागतो. बाहेर ओळीत उभ्या आयांना थांबवून ती कुणी करत नाही. म्हणजे उष्णतेसाठी एक नजर आणि गोठण्यासाठी एक प्रयोगशाळा, असा हिशेब आहे.

पालकांना सांगायचं तर लस देण्याआधी कुपी बघायला मागा. चांगली सिस्टर स्वतःहून दाखवते, आणि मागितल्यावर जी चिडते तिची कुपी तर जरूर बघा. खाली काम करणाऱ्यांना सांगायचं तर चौकोन उजेडात वाचा, टी सिरीजच्या, म्हणजे धनुर्वातासारख्या गोठून वाया जाणाऱ्या, लसी आयएलआरच्या (लसींच्या खास फ्रिजच्या) तळाला टेकवू नका.

पाचपैकी चार तारे. कापलेला तारा सगळाच्या सगळा गोठण्याच्या तक्रारीचा आहे. झेरॉक्सच्या तक्त्याचा दोष मी स्टिकरवर टाकत नाही. त्याच लेबलवर, तितक्याच सोप्या नजरेत गोठलेलं दिसू लागलं की तो तारा परत देईन.